केसरच्या माहेरपणाची अक्षत

मनुबाई गेली तेव्हा तिला पोचवायला अकरा गावांतून माणसं यायला हवी होती. आली नऊ. नऊ गावांची नव्हे, मोजून नऊ माणसं. त्यांतला एक मी, आणि मी ना कोळी, ना तिच्या नात्यातला. पेणकडच्या भातशेतीवाल्याचा मुलगा, पोटासाठी समुद्रकाठच्या शाळेत मास्तर झालेला.

गावाचं नाव लिहीत नाही. रेवदंड्याची खाडी ओलांडून काशीदच्या अंगाला जाताना उजव्या हाताला लागणारा एक कोळीवाडा, एवढं पुरे. ज्यांनी मनुबाईच्या दारात जायचं सोडलं ती माणसं अजून हयात आहेत. त्यांची मुलं माझ्या वर्गात बसतात. आणि खरं सांगायचं तर त्यांच्यापेक्षा माझा दोष मोठा आहे. तो शेवटी येईल. आधी मनुबाई.

मनुबाई धवलारीण होती. आगरी-कोळ्यांच्या लग्नात भटापेक्षा धवलारणीचा मान मोठा. हळद दळण्यापासून नवरी उंबरा ओलांडेपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं, म्हणजे धवला, तिनंच म्हणायचा. ती गप्प बसली की लग्न अडलं. आमच्या भागात तिच्याकडे आणखी एक काम होतं, ते म्हणजे अक्षत. हळदीत घोळवलेले तांदूळ घेऊन ती दारोदार आवतण द्यायची. धवलारणीनं तळहातावर अक्षत ठेवली की नाही म्हणायची सोय नाही, सात पिढ्यांचं वैर असलं तरी जायचंच. आणि अक्षत आली नाही तर सख्ख्या भावानंही मांडवात पाय ठेवायचा नाही. अक्षत जायची ती हातानंच. आणि जिनं ती वाटली तिचा शब्द त्या मांडवाला बांधलेला. मांडव मोडला, तर त्या धवलारणीनं पुन्हा तोंड उघडायचं नाही. कायदा कुठं लिहिलेला नव्हता, पण सरकारच्या कायद्यापेक्षा कडक पाळला जायचा.

बाई उंच, काळीसावळी, बोलण्यात फटकळ. दिवसा बोंबील वाळवायची, टोपली घेऊन आतल्या गावांत विकायची. आवाज गोड बिड काही नव्हता. जाडाभरडा होता, पण मांडवाच्या पार टोकाला बसलेल्या म्हाताऱ्यालाही शब्द न् शब्द कळायचा. धवल्याचे पैसे तिनं कधी घेतले नाहीत. नारळ, लुगडं आणि पायलीभर तांदूळ, बस्स. मला पहिल्याच महिन्यात तिनं ऐकवलं होतं, "मास्तर, तुमी पगार घेता म्हनून पोरं तुमाला भ्येत न्हाईत." पोरं मला खरंच भीत नव्हती.

तिला मूलबाळ नव्हतं. बहीण पटकीच्या साथीत गेली, तिची चार वर्षांची केसर हिनं सांभाळली, वाढवली, तोंडपाठ धवले शिकवले. पोरीचा गळा मात्र मधासारखा. तिसऱ्या ओळीच्या शेवटी ती श्वास गिळायची, आणि मनुबाई तिच्या पाठीत धपाटा घालायची. गावात सगळ्यांना वाटायचं, मनुबाईमागे ही. पण एक्कावन्न साली जत्रेत एक गाणी-नकलांची कंपनी आली, कंपनीत एक पेटी वाजवणारा होता, आणि सतरा वर्षांची केसर म्हणाली, मी याच्याबरोबर मुंबईला चालले.

मनुबाईनं उंबऱ्यात उभं राहून सांगितलं, "जा. पन मी अक्षत धाडल्याबिगर या उंबऱ्याला पाय लावशील तं माजं मेलेलं तोंड बघशील."

पोरगी वाकून पाया पडली आणि गेली. ही हकिगत मनुबाईनं मला तीनदा सांगितली. तिन्ही वेळा शेवट एकच. "रागान बोल्ली मी, मास्तर." पण अक्षत काही तिनं धाडली नाही. एक वर्ष गेलं, पाच गेली, दहा गेली. हट्ट हा एकच दागिना त्या घरात होता आणि तो दोघींनी सारखा वाटून घेतला होता.

सत्तावन्न साली केसरची तबकडी निघाली. 'होरी लागली गो बंदराला, निरोप सांगा माझ्या आयेला.' होरी म्हणजे होडी. आमच्या गावात सदू नावाचा एक तांडेल होता, त्यानं होडीच्या डागडुजीचे पैसे घालून फोनो आणला. त्या दिवशी अख्खा कोळीवाडा सदूच्या अंगणात. जी पोरगी पळाली म्हणून हेच लोक थुंकत होते, तीच एका तबकडीनं सगळ्यांची लेक झाली. होड्यांवर नावं चढली, केसरकृपा, केसरप्रसाद. पोरींनी केसरसारखा भांग पाडला, म्हणजे तिचा भांग कसा आहे हे कुणालाच ठाऊक नसताना पाडला. बुधवारी पंचायतीच्या रेडिओवर ती लागायची, तर भरती असो ओहोटी असो, माणूस जागचा हलायचा नाही. मुरूडपासून रेवसपर्यंत हेच वेड.

मनुबाई सदूच्या अंगणात मागे, सुकटीच्या टोपल्यांजवळ बसली होती. गाणं संपल्यावर मी विचारलं, "कसं वाटलं?"

"चाल माजी हाय," ती म्हणाली. "तिसऱ्या वलीन श्वास अजून गिलते, मेली." आणि डोळे पुसून उठली.

पुढं पुढं लग्नांत सदूचा फोनो भाड्यानं जायला लागला, कर्ण्यासकट. धवला ऐन रंगात असताना पोरं ओरडायची, "मनुबाय, थांब गो, केसर लावतोय!" मनुबाई थांबायची. मी तिच्या जागी असतो तर फोनो विहिरीत टाकला असता. ती मात्र मान हलवत ऐकायची, तिच्याच चालीवर तिलाच गप्प बसवलेलं.

आता माझं. मी तेव्हा तिशीत होतो, बायको पेणला, आणि मीही त्या आवाजाच्या पायी खुळा झालो होतो. लोक उघड खुळे होते, मी चोरून. माझं अक्षर जिल्ह्यात नावाजलेलं होतं. त्या अक्षरात मी तबकडी कंपनीच्या पत्त्यावर केसरला पत्र लिहिलं. तुमच्या आवाजात अमुक आहे, तमुक आहे, मी तुमच्याच गावचा शिक्षक, असं चार पानं. तीन आठवड्यांनी पाकीट आलं. आत तिचा पोस्टकार्डाएवढा छापील फोटो आणि खाली सही. तो फोटो मी डायरीत ठेवला. नंतर आणखी दोन पत्रं लिहिली. फोटो पुन्हा तेच आले.

याच फोटोनं पुढचं सगळं घडवलं.

एकसष्टच्या दिवाळीनंतर मी शाळेच्या बाकांसाठी देणगी मागायला अंबाजीशेठ घरत यांच्याकडे गेलो. भाताची गिरणी, दोन मालमोटारी, बोटांत तीन अंगठ्या. येत्या निवडणुकीला ते अपक्ष उभे राहणार होते आणि त्यांना निशाणी मिळणार होती होडी. आगऱ्यांची मतं खिशात, पण कोळीवाड्यांत त्यांना कुणी पाणी विचारत नव्हतं. भातगिरणीवाल्याचा दर्याशी संबंध काय? मी पावती काढायला डायरी उघडली आणि फोटो खाली पडला.

अंबाजीशेठनी उचलला. बराच वेळ बघितला. "मास्तर, ही केसर ना? ती होरीवाली?"

"हो."

"आनि माजी निशानी काय?"

शेठच्या चेहऱ्यावर हसू पसरत गेलं. आयत्या बिळावर नागोबा होणं ही एक कला आहे, आणि ती त्यांना उपजत होती.

आठ दिवसांत त्यांनी मला बोलावून घेतलं आणि बेत सांगितला. केसर घरातून गेली ती गेलीच. तिचं ना लग्न गावात झालं, ना माहेरपण. तेव्हा अकरा कोळीवाड्यांनी मिळून केसरचं माहेरपण करायचं. ती येणार, आमच्या किनाऱ्यावर मांडवात बसणार, गाणार. खर्च मोठा, म्हणून प्रत्येक गावात केसर मंडळ काढायचं आणि मंडळानं आहेर जमवायचा. रुपयाला छोटा फोटो, पाच रुपयांना मोठा, सहीचा. केसर मुंबईच्या लाँचनं येईल, लाँच खोल पाण्यात थांबेल, आणि ज्या गावाचा आहेर सगळ्यांत जास्त, त्या गावच्या होडीत बसून ती किनाऱ्याला उतरेल. माहेरपण झालं की पाच दिवसांनी मतदान, आणि होडीवर शिक्का.

"ती यायला तयार आहे?" मी विचारलं.

"तयार? मास्तर, तिनं सोता सांगितलंय." शेठ असं बोलले की मला पुढं विचारायचं सुचलं नाही. की विचारायचं नव्हतं, देव जाणे. हस्तपत्रक मी लिहिलं. सरकारी नोकर म्हणून खाली नाव घातलं नाही, 'एक केसरप्रेमी' एवढंच. माझ्या फोटोवरून अलिबागच्या छापखान्यात हजारो प्रती निघाल्या.

पण कोळी हुशार. फोटो घेतले, पैसे जपून. "शेट बोलतो, पन केसरच्या मावशीचं काय? तिनं अक्षत धाडलीन का?" सगळ्यांना उंबऱ्यावरचा तो शब्द ठाऊक होता. मनुबाईनं अक्षत दिली तर माहेरपण खरं, नाही तर शेठचा तमाशा. मग शेठ मनुबाईच्या दारात आले. मला बरोबर घेऊन आले, कारण तिचा माझ्यावर विश्वास होता.

शेठ ओट्यावर बसले, खालीच बसले, तेवढी अक्कल होती. "मावशे, पोरीचं माहेरपन करतो. तू आये. अक्षत तुज्याच हातची पायजे."

मनुबाई बोंबील निवडत होती. हात थांबले. "केसर येल?"

"तू अक्षत धाडलीस तं न येईल?"

तिनं माझ्याकडं बघितलं. दहा वर्षं तिला फक्त निमित्त हवं होतं. स्वतःहून वाकायचं नाही, पण अकरा गावांनी वाकवलं तर वाकायला ती केव्हाची तयार होती. मी मान डोलावली. त्या मानेचं ओझं अजून उतरलेलं नाही.

तिनं तांदूळ निवडले, एक एक अखंड दाणा. हळद स्वतः दळली. आणि पासष्टीची ती बाई अकरा गावं पायी फिरली. काट्याकुट्यांतून, खाजणाच्या बांधावरून, ओहोटीच्या चिखलातून. दारात उभं राहून सांगायची, "माज्या केसरचं माहेरपन हाय. अक्षत घेवा." लोकांनी हात पुढं केले. आणि अक्षत घेतली म्हणजे आहेर आला. मग पैशांचा ओघ लागला तो थांबेना. काशीदकडच्या एका गावानं नवं जाळं विणायचं पुढं ढकललं. आमच्यातल्या राही नावाच्या नव्या सुनेनं कानातल्या कुड्या मंडळात दिल्या. आमच्या गावची होडी असायलाच हवी, माहेर आमचं! भागोजी नाखवानं तीन दिवसांची सबंध मासळी दिली. शेवटी आमचंच गाव पुढं राहिलं. पैसे सगळे शेठच्या माणसाकडं, विठोबाकडं जात होते, आणि त्याच पैशांनी शेठच्या मोटारी, कर्णे, पत्रकं साऱ्या मतदारसंघात धावत होती. हे मला दिसत होतं. निवडणूक म्हटली की एवढं चालायचंच, असं मी स्वतःला सांगितलं.

सगळ्यात शेवटी मनुबाईनं एक मूठ बाजूला ठेवली. आपल्या जुन्या लुगड्याचा लाल तुकडा फाडून त्यात बांधली आणि घेऊन माझ्याकडं आली.

"मास्तर, ही केसरची. तुमी जा मुंबयला. हातान द्या."

मी जाऊ शकत होतो. शाळेची तपासणी आहे असं सांगितलं, ती होतीही, पण चार दिवसांनी. खरं कारण लाजिरवाणं आहे, तरी लिहितो. तीन पत्रांतून मी केसरपुढं मोठा रसिक म्हणून उभा होतो. तिच्या दारात पहिल्यांदा जायचं ते सुकटीचा वास असलेली पुरचुंडी घेऊन, कोळणीचा निरोप्या म्हणून? मला ते नको होतं. मी म्हटलं, "अंबाजीशेठ परवा मुंबईला जाताहेत. ते देतील."

"त्यांच्या हातान?" ती क्षणभर घुटमळली. मग म्हणाली, "तुमी बोलता तं बरा."

पुरचुंडी मीच गिरणीत जाऊन शेठच्या हातात दिली. त्यांनी ती कोटाच्या खिशात टाकली.

माहेरपणाचा दिवस उजाडला. वाळूवर हा एवढा मांडव, माडाच्या झावळ्या, झेंडूची तोरणं. अकरा गावांची माणसं होड्यांतून, बैलगाड्यांतून सकाळपासून लोटलेली. सदूची होडी रंगवून, पताका लावून सजवलेली. केसर बसणार त्या फळीवर राहीनं आपली रेशमी चोळी उसवून शिवलेली उशी ठेवली. मनुबाई पाण्याच्या कडेला उभी, हातात ओवाळणीचं ताट, अंगावर हिरवं लुगडं. दहा वर्षांत मी तिला नवं लुगडं नेसलेलं पाहिलं नव्हतं.

दुपारी चारच्या सुमारास लाँच दिसली. सदू आणि भागोजी होडी घेऊन गेले. लाँचच्या बाजूला होडी लागली, कुणीतरी खाली उतरलं. किनाऱ्यावर एकच आरडाओरडा. बायकांनी धवला धरला, म्हणजे मनुबाईनं उचलला आणि बायकांनी धरला. होडी जवळ येत होती. पोरं खांद्यांवर चढून बघत होती. "हिरवं पातल हाय!" "न्हाय रं, पांढरं!" आणि मग हळूहळू पुढच्या रांगेपासून आवाज मावळत गेला. होडीत, त्या उशीवर, शेठचा माणूस विठोबा बसला होता. हातात एक कागद.

मनुबाई धवला म्हणतच होती. बायका थांबल्या तरी दोन ओळी ती एकटीच म्हणत राहिली.

मंचावरून अंबाजीशेठनी कागद वाचला. केसरबाईंचा घसा बसला आहे. डॉक्टरांनी मनाई केली आहे. पण त्यांनी आपल्या माहेरच्या माणसांना निरोप पाठवला आहे, माझ्या गाण्यातल्या होडीला विसरू नका. मग कर्ण्यावर तबकडी लागली. होरी लागली गो बंदराला. आणि लोकांनी, मी डोळ्यांनी बघितलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. थोड्या कमी, पण वाजवल्या.

मनुबाई ताट घेऊन मंचापाशी गेली. "शेट, अक्षत मिलाली का तिला?"

शेठ वाकले, हळू आवाजात, अगदी मायेनं म्हणाले, "मिळाली मावशे. मी सोता तिच्या हातावर ठेवली."

"आनि?"

"बघते, बोल्ली."

मी शेजारी उभा होतो. मनुबाईनं ताटातलं निरांजन फुंकर घालून विझवलं आणि घरी गेली.

पाच दिवसांनी मतदान झालं. अंबाजीशेठ निवडून आले. कोळीवाड्यांनी भरभरून होडीवर शिक्के मारले, कारण केसरचा निरोप होता. विजयाच्या मिरवणुकीत तीच तबकडी, तेच कर्णे. गरज सरो, वैद्य मरो. पुढच्या पाच वर्षांत आमदार आमच्या गावात आले ते एकदाच, आणि तेही पुढच्या निवडणुकीच्या तोंडावर. शाळेचे बाक अजून यायचेत.

पण पैसे गेले, जाळं विणायचं राहिलं, राहीच्या कुड्या गेल्या, याचा राग कुठंतरी निघायला हवा होता. आमदारावर निघेना, तो मोटारीत बसलेला. केसरवर निघेना, ती तबकडीत गोड गात होती. तो निघाला मनुबाईवर. चोर सोडून संन्याशाला फाशी. "अक्षत कुनाच्या हातची व्हती?" राहीची सासू भर बाजारात म्हणाली, "मनुबायच्या. आमी शेटच्या तोंडाकडं बघून नव्हतं दिलं." आणि यात खोटं काही नव्हतं. म्हणूनच ते लागलं.

मनुबाईनं एका शब्दानं प्रतिवाद केला नाही. पुढच्या लग्नसराईत तुकाराम म्हणून एका भल्या माणसानं तिला बोलावलं, सगळ्यांचा विरोध पत्करून बोलावलं. ती म्हणाली, "मांडव मोडला, धवला गेला." आणि दार लावून घेतलं. तिच्या आजीनं, पणजीनं पाळलेला नियम तिनं स्वतःवर चालवला. सदूचा फोनो सगळ्या लग्नांत वाजत राहिला.

मी जायचो. एक दिवस धीर करून म्हटलं, शेठ खोटं बोलला असेल. तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मी खाली बघितलं.

"मांडवात मान्सं बसलीत, हातान ताट हाय, आनि त्याही वक्ताला खोटं बोलेल? तो पन आयेच्या पोटचाच हाय ना?" मग म्हणाली, "मिलाली आनि आयली न्हाय. बरा केलान. हट्ट मीच शिकवला तिला."

दोन वर्षं ती हे धरून बसली. बोंबील वाळवायचं बंद केलं, मग टोपली बंद, मग ओट्यावर येणंही बंद. चौसष्टच्या आषाढात गेली. ताप दोन दिवसांचा. शेवटल्या दुपारी पंचायतीच्या रेडिओवर केसर लागली होती, वाऱ्यावर आवाज येत होता. मी म्हटलं, खिडकी उघडू? ती म्हणाली, "नको." मग आपणच ओठ हलवत तिसरी ओळ मनात म्हटली. श्वास न गिळता, तेवढं मला कळलं.

भाद्रपदात दर्या निवला, लाँच सुरू झाली, तेव्हा मी रेवसहून भाऊच्या धक्क्यावर उतरलो. बरोबर मनुबाईची हळदीची पितळी वाटी होती. तबकडी कंपनीत पत्ता मिळाला, विचारताक्षणीच. गिरगावात दोन खोल्या. दार केसरनंच उघडलं. तिशीची, थोडी जाड, फोटोपेक्षा थकलेली. मी नाव सांगितलं, गाव सांगितलं, वाटी पुढं केली. वाटी बघून ती खाली बसली. काही सांगावं लागलं नाही.

बराच वेळ रडली. मग म्हणाली, "मी वाट बघली, मास्तर. धक्क्यावरच्या कोलनी मना सांगत व्हत्या, तुजी मावशी अकरा गावांना अक्षत वाटते, तुज्याच नावाचं माहेरपन हाय. मी लुगडं काढून ठेवलं. आज येल, उद्या येल. सगल्या दुनयेला अक्षत दिलीन, मना न्हाय. बिन अक्षतीची कशी येऊ? तिनंच घातलेली शपथ."

"अंबाजीशेठ आले नाहीत तुमच्याकडं?"

"कोन अंबाजी?"

मी तिला सगळं सांगितलं. लाल पुरचुंडी, गिरणी, कोटाचा खिसा. तपासणीचंही सांगितलं, आणि तपासणी चार दिवसांनी होती हेही. ती ऐकत होती. नंतर उठली, आत गेली आणि एका पत्र्याच्या ट्रंकेतून कागद घेऊन आली. माझी पत्रं. तिन्ही.

"मना वाचता येत न्हाय," ती म्हणाली. "फोटोवरची सही पन कंपनीतला कारकून करतो. पन येतील ते सगले कागद मी वाचून घेते. यांच्याकडून." आत तोच, जत्रेतला पेटी वाजवणारा बसला होता. "गावचा मास्तर लिहितो म्हनून तुमचे दोनदोनदा वाचून घेतले. अक्षत टपालान जात न्हाय, म्हाईत हाय मना. पन सबूद जातो ना? तीन कागद आयले तुमचे. माजा गला कसा हाय, ते चार पानं. मावशी जित्ती हाय का मेली, एका कागदान पन नव्हतं."

तिनं रागावून विचारलं नव्हतं. रागावली असती तर बरं झालं असतं. वाटी तिनं ठेवून घेतली आणि पत्रं माझ्या हातात परत दिली. चहा विचारला. मी नको म्हटलं.

परतीच्या लाँचमध्ये रेवस येईपर्यंत मी ती तिन्ही पत्रं वाचून काढली. अक्षर फार सुंदर आहे.